पंचायतीच्या ‘नाही’ला किंमत द्या : पेट्रोलियम मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
स. न. वि. वि.

मी बडोद्याचा. आमच्या घरी चहा पाइपच्या गॅसवर होतो आणि ओळखीपाळखीतल्या कित्येक मराठी घरांची हयात तेल-वायूच्या नोकरीवर गेली. तेव्हा ‘गॅस नकोच’ म्हणायला मी बसलेलो नाही. मागणी एकच आहे. ज्या गावाच्या हद्दीत फ्रॅकिंग, म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून वायू काढण्याचे काम, करायचे, त्या गावच्या ग्रामसभेला नकाराचा हक्क कायद्याने मिळावा, आणि तो नकार दिल्लीत बसून फिरवता येऊ नये.

शेल गॅसचा, म्हणजे शेल नावाच्या खडकातल्या वायूचा, शोध आमच्या बाजूला नवा नाही. शेल गॅसचे पहिले धोरण २०१३ साली आले आणि त्याच वर्षी भरूच जिल्ह्यात जंबुसरजवळ त्यासाठी विहीर खोदायला घेतली. जंबुसर तालुका खंभातच्या आखाताला लागून आहे. जमिनीखालचे पाणी खारे. बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेणारा पन्नासहून अधिक किलोमीटरचा कालवाही सारोदपाशी, याच तालुक्यात, आखाताला मिळतो. शहराची घाण आधीच ज्यांच्या दारावरून जाते, त्यांच्याकडेच आम्ही पुन्हा वळतो आहोत.

शेलचा खडक घट्ट असतो, त्यातला वायू आपणहून वर येत नाही. म्हणून खोल विहीर आडवी वळवून पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने आत सोडतात आणि खडक फोडतात. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या आकड्यांनुसार एका विहिरीला सुमारे ५७ लाखांपासून ६ कोटी लिटरपर्यंत पाणी लागते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर पावणेसहाशे ते सहा हजार टँकर. त्यातले जे परत वर येते ते क्षार आणि रसायने घेऊन येते, आणि ते कुठे जिरवायचे हा प्रश्न विहिरीपेक्षा मोठा होऊन बसतो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात तेल-वायूच्या विहिरींचे सांडपाणी खोल जमिनीत जिरवता जिरवता भूकंप वाढले. सप्टेंबर २०१६ मधला पॉनीचा धक्का ५.८ रिश्टरचा होता.

आता मंत्र्यांनी आवर्जून वाचावी अशी एक हकिगत. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळ प्रेस्टन न्यू रोड येथे क्वाड्रिला कंपनीला फ्रॅकिंग करायचे होते. जून २०१५ मध्ये लँकेशायर काउंटी कौन्सिलने परवानगी नाकारली. कंपनी अपिलात गेली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये लंडनमधल्या मंत्र्यांनी, साजिद जाविद यांनी, कौन्सिलचा निर्णय फिरवला. २०१८ च्या शरदात काम सुरू झाले आणि लगोलग छोटे धक्के बसू लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ रिश्टरचा धक्का बसला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारनेच इंग्लंडभर फ्रॅकिंग थांबवले. जे कौन्सिलने चार वर्षांपूर्वी सांगितले होते, तिथे सरकार फिरून फिरून आले. २०२२ मध्ये पंतप्रधान लिझ ट्रस यांनी बंदी उठवली, ती त्यांच्यानंतर आलेल्या सुनक यांनी महिन्याभरात परत लावली, हे आणखी एक.

अमेरिकेत दोन्ही तऱ्हा झाल्या. टेक्सासमधल्या डेंटन शहराने नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदान घेऊन फ्रॅकिंगवर बंदी घातली. बाजूने ५९ टक्क्यांच्या आसपास मते पडली, तीही तेलावर जगणाऱ्या राज्यात! पुढच्या मे महिन्यात राज्याने शहरांचा हा अधिकारच काढून घेणारा कायदा केला आणि डेंटनला बंदी मागे घ्यावी लागली. न्यूयॉर्क राज्यात उलटे झाले. ड्रायडेन या छोट्या गावाने २०११ मध्ये बंदी घातली, कंपनी कोर्टात गेली, आणि जून २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाला कौल दिला. विहीर कशी चालवायची हे राज्य ठरवील, पण आपल्या हद्दीत हा उद्योग असावा की नसावा हे गाव ठरवू शकते, असा त्याचा अर्थ. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे काय आहे? खनिज तेल केंद्राच्या सूचीत आहे, हे मान्य. पण पिण्याचे पाणी, लघुपाटबंधारे आणि जलव्यवस्थापन राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांत आहेत, आणि फ्रॅकिंग आधी पाण्यालाच हात घालते. शिवाय जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधविहिरींना जनसुनावणीतून सूट मिळाली. साध्या विहिरीपुरती ही सूट एक वेळ समजून घेता येईल. शेलचे तसे नाही. खडक फोडल्याशिवाय त्यातून काय निघते हेच कळत नाही, म्हणजे फ्रॅकिंग शोधाच्या टप्प्यातच होते. गावाला बोलायची वेळ येईपर्यंत खडक फुटलेला असतो.

तेलक्षेत्रांच्या कायद्यातल्या २०२५ च्या दुरुस्तीने शेल गॅस आणि शेल तेलही ‘खनिज तेला’च्या व्याख्येत आणले गेले. उद्योगाची वाट मोकळी झाली, ग्रामसभेला काय मिळाले?

‘प्रत्येक गाव नाहीच म्हणेल, मग देशाने इंधन आणायचे कुठून’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटची खाण नाकारली. त्याने देशातले ॲल्युमिनियम संपले नाही. तमिळनाडूने २०२० मध्ये कावेरीच्या खोऱ्यात संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा करून नव्या तेल-वायू शोधाला, शेल गॅससकट, मनाई केली. त्याआधी नेडुवासलसारख्या गावांनी महिनोन्‌महिने ठिय्या दिला होता. अधिकार कागदावर असता तर लोकांना उन्हात बसावे लागले नसते.

शेल गॅसचे मोठे व्यापारी उत्पादन आपल्याकडे अजून उभे राहिलेले नाही. म्हणूनच नियम आत्ता करणे सोपे आहे; कुणाचे हजारो कोटी अडकल्यावर ‘गुंतवणूकदारांचे काय’ हाच प्रश्न उरेल.

तेव्हा फ्रॅकिंग होणाऱ्या शोधविहिरींची जनसुनावणीची सूट पर्यावरण मंत्रालयाकडून काढून घ्यायला लावा. पाणी कुठून घेणार, कोणती रसायने वापरणार आणि सांडपाणी कुठे सोडणार, हे ग्रामसभेच्या महिनाभर आधी पंचायतीच्या फलकावर स्थानिक भाषेत लावणे सक्तीचे करा. आणि ग्रामसभेचा नकार बंधनकारक असल्याचे कलम आपल्या नियमांत घाला.

उत्तर मला पाठवले नाहीत तरी चालेल. ते गुजरातीत, जंबुसर तालुक्यातल्या पंचायतींच्या नावे पाठवा.

आपला,
एक बडोदेकर