काका, स्पीड बरोबरच होता

प्रिय काका,
सा. न.

फोनवर ‘थँक्यू’ म्हटलं की तुम्ही लगेच गुडघ्यांच्या विषयावर येता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या तुमच्या बेसमेंटमधून तो खोका माझ्या गाडीत ठेवलात, तेव्हा मनात म्हटलं, चला, काकांची अडगळ हलली. गराज सेलमध्ये डॉलरला एक या भावाने घेतलेल्या एलपी, वर ओलीचा वास. पहिली लावली ती होली मोडल राउंडर्स या अमेरिकन लोकसंगीतवाल्यांची, 1964 सालची. माणसं दोनच: फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बँजोवर पीटर स्टॅम्पफेल, गिटारवर स्टीव्ह वेबर. गाणं असं की शेजाऱ्याने दार ठोठवावं! मी मेसेज केला, ‘काका, स्पीड चुकलाय का?’ तुमचं उत्तर: ‘स्पीड बरोबर. कान चुकलेत.’

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच आलात, डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि जुन्या धोतराचं फडकं घेऊन. खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं नाही, हे दाखवलंत. सुईला चिकटलेला धुळीचा पुंजका बारक्या ब्रशने काढलात. आणि राउंडर्स बाजूला ठेवून आधी हॅरी स्मिथने जमवलेला अमेरिकन लोकगीतांचा संग्रह ऐकवलात: 1926 ते 1933 मधल्या तबकड्यांवरची 84 गाणी, फोकवेज या रेकॉर्ड कंपनीने 1952 मध्ये काढलेली. खाणीतले, शेतावरचे, चर्चमधले आवाज. त्यानंतर पुन्हा राउंडर्स लावलेत आणि माझी बोलतीच बंद झाली. हे दोघे जुन्या गाण्यांची टिंगल करत नव्हते, ती त्यांच्या अंगात मुरलेली होती. शब्द कळले नाहीत तिथे खुशाल स्वतःचे घालायचे, आपल्याकडे जात्यावर बायका घालत तसे. ‘हेझिटेशन ब्लूज’मध्ये त्यांनी ‘सायकेडेलिक’ (नशेतल्या रंगीबेरंगी भासांसाठीचा) हा शब्द घुसवला. गाण्याच्या रेकॉर्डवर तो शब्द पहिल्यांदा तिथेच आला असं मानतात. हिप्पींचा बोलबाला व्हायला तेव्हा अजून दोन-तीन वर्षं होती.

फग्ज या बँडची गोष्टही तुमच्याचकडून कळली. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला त्यांच्यातल्या एड सँडर्सचं पीस आय नावाचं पुस्तकांचं दुकान, आधी तिथे कोशर (ज्यू पद्धतीच्या) मटणाचं दुकान होतं. हे कवी लोक, वाद्यं यथातथाच, आणि 1965 मध्ये त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग करवून घेणारा कोण, तर तोच हॅरी स्मिथ! साथीला स्टॅम्पफेल आणि वेबर. (त्यातली काही गाणी काकूंसमोर लावू नका, हा तुमचा सल्ला मी पाळला.)

सगळ्यात मोठे आभार मात्र एका नकारासाठी. कॉम्प्युटरवर उतरवताना मी खरखर काढायला सॉफ्टवेअर लावलं होतं. तुम्ही दोन मिनिटं ऐकलंत आणि म्हणालात, ‘धुळीबरोबर फिडलपण खरवडून निघतंय रे.’ खरंच, गजाचा तारेवर घासल्याचा आवाजच गेला होता. सगळं पुसून पुन्हा उतरवलं. सात रविवार गेले, पण आता ते दोघे खोलीत बसून वाजवतायत असं वाटतं.

एक कबुली राहिली. फग्जची ती एलपी जुलैच्या उन्हात गाडीच्या मागच्या सीटवर राहिली आणि पापडासारखी वाकली. उतरवून झाली होती, एवढंच नशीब. रागवायचं तर फोनवर रागवा. गुडघ्यांची चौकशी मी आधी करीन.

तुमचा,
वरच्या गल्लीतला पुतण्या