लेन्सचं पुरमेंत मे महिन्यात नको, आत्ताच करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिना लागला की दरवर्षी पेपरात पुरमेंताचं (पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीचं) येतं, कौलं परतायचं येतं, विजेच्या वायरी तपासून घ्यायचं येतं आणि ते यायलाच पाहिजे. पण कपाटात पडलेल्या जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सला लागणाऱ्या बुरशीबद्दल कोणी चकार शब्द लिहीत नाही, आणि ती साफ करायचं काम मे महिन्यात करून भागत पण नाही, ते आत्ता जानेवारी-फेब्रुवारीतच करावं लागतं, म्हणून हे पत्र आत्ता लिहितेय.

आपल्या गोव्यात असे कॅमेरे किती घरांत असतील बघा. कोणाचा मामा तारवटी (जहाजावर नोकरीला) होता, कोणाचे बाबा कुवेत-बाहरीनला होते, सुट्टीवर येताना पेंटॅक्स नाहीतर याशिका घेऊन आले, लग्नं, बारशी, चवथीचे (गणपतीचे) फोटो काढले, मग रोल मिळेनासे झाले आणि कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात गेला तो गेलाच. आता साफसफाईत तो बाहेर येतो, लेन्समध्ये पांढरं जाळं दिसतं आणि सरळ भंगारवाल्याकडे जातो. मला हे बघून खरंच फार वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच लेन्स वाचतात.

माझ्या मामांचा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक असाच होता. हे मॉडेल १९६४ मध्ये आलं, त्याच्यावर पेंटॅक्सचीच सुपर टाकुमार ५५ एमएम एफ १.८ लेन्स. एका दुकानात दाखवली तर त्यांनी न उघडताच सांगितलं की फंगस (बुरशी) आहे, फेकून द्या. मी फेकली नाही. घरी आणून ॲपर्चर (उजेड कमी-जास्त करणारं लेन्समधलं पात्यांचं भोक) पूर्ण उघडं ठेवलं, मागून मोबाईलची टॉर्च धरली आणि पुढून जरा तिरकं बघितलं. काचेच्या कडेपासून आत येणारे बारीक पांढरे धागे, त्यांना फुटलेले फाटे, आणि मध्ये बऱ्यापैकी स्वच्छ काच. असं दिसलं तर समजा अजून वेळ गेलेली नाही.

बुरशी काच खात नाही, ती काचेवरची धूळ, बोटांचं तेल, आतल्या ग्रीसची वाफ यांच्यावर जगते. पण वाढताना ॲसिड सोडते आणि ते आधी कोटिंग (काचेवरचा पातळ थर) खातं आणि मग काच. हवेतली आर्द्रता बरेच दिवस ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली, अंधार असला, हवा हलत नसली की तिला अजून काय पाहिजे, आणि आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, जुलैत तर भिंतींनाच पाणी सुटतं. त्यात ती चामड्याची केस म्हणजे सगळ्यात वाईट जागा, चामडं ओल धरून ठेवतं. सगळ्यात आधी लेन्स त्या केसमधून बाहेर काढा, बाकी सगळं नंतर.

आता जानेवारीच का, तर लेन्स उघडून परत बंद करताना खोलीतली हवा आत अडकते, पावसात उघडली तर ओल आत बंद करून ठेवल्यासारखंच झालं. दुपारी कोरड्या खोलीत, पंखा बंद करून, टेबलावर पांढरा धुतलेला कपडा घालून बसायचं. मागच्या रिंगला दोन खाचा असतात, त्यांच्यासाठी लेन्स स्पॅनर ऑनलाइन मिळतो, पक्कड-चिमट्याने जोर लावू नका, सटकला की काचेवर ओरखडा गेला तो कायमचा. पुढची नाव लिहिलेली रिंग रबराने दाबून फिरवली की सुटते. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा आणि कुठली काच कुठल्या तोंडाने होती ते कडेला पेन्सिलीने खूण करून ठेवा, कारण एक काच उलटी बसली तर फोटो कधीच शार्प येणार नाही. बुरशी बहुतेक वेळा ॲपर्चरच्या पात्यांच्या मागे-पुढे असते, तिथपर्यंत पोचलं की पुरे. फोकसचा आटा म्हणजे हेलिकॉइड सोडवू नका, त्याला बऱ्याच सुरुवाती असतात आणि चुकीच्या जागी बसला की इन्फिनिटी फोकस, म्हणजे लांबचं शार्प दिसणं, गेलं.

आधी ब्लोअरने धूळ उडवायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लेन्स टिश्यूवर घेऊन (काचेवर ओतायचं नाही) मधून कडेकडे हलक्या हाताने पुसायचं. धागे तेवढ्याने गेले नाहीत तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया सम प्रमाणात. फार्मसीत पेरॉक्साइड बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घालून ३ टक्के करायचं. लागेल तेवढंच मिसळा, खिडक्या उघड्या, हातात ग्लोव्हज, आणि उरलेलं बाटलीत बंद करून ठेवू नका, गॅस होऊन बाटली फुटते. आणि हे नीट वाचा, अमोनिया ब्लिचिंगजवळ कधीही नेऊ नका, आपल्याकडे बाथरूमला, विहिरीला ब्लिचिंग पावडर असतेच, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. एकमेकांना चिकटवलेल्या दोन काचांची जोडी असेल तर ती कशातही भिजत ठेवायची नाही, बऱ्याच जुन्या लेन्समध्ये ती कॅनडा बाल्समने (झाडाच्या पारदर्शक डिंकाने) चिकटवलेली असते आणि ते सुटतं.

टूथपेस्टने घासायचे व्हिडिओ खूप फिरतात, कृपा करून ते करू नका, टूथपेस्ट कोटिंग काढून टाकते. रिंग जड झाली म्हणून खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल पण सोडू नका, ते पसरून ॲपर्चरच्या पात्यांवर येतं आणि पाती एकमेकांना चिकटतात. आधीच चिकटली असतील तर इअरबडवर थोडं लायटर फ्लुइड घेऊन पुसायची, उघड-बंद करायची, परत पुसायची, पाती कोरडीच हवीत.

मामांच्या लेन्सवर धागे गेले पण कडेला कोटिंगवर एक फिकट नक्षी राहिलीय, ती आता जाणार नाही. सूर्य समोर असला की कॉन्ट्रास्ट थोडा पडतो, हूड (लेन्सच्या पुढे लावायची उन्हाची झापड) लावला की एरवी कळत पण नाही. एम४२ (या लेन्सच्या जुन्या स्क्रू आट्याचा) ॲडॉप्टर स्वस्तात मिळतो, तो लावून ही लेन्स मी आजच्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर वापरते, गेल्या चवथीला माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवीचे) फोटो हिनेच काढले, आणि त्यातला सुपारीच्या घडावरचा उजेड बघून मामा किती तरी वेळ फोटो मोठा करकरून बघत होते.

एक गैरसमज पण दूर करते, टाकुमारच्या काही लेन्स चहासारख्या पिवळ्या होतात ती बुरशी नव्हे, त्या काचेत थोरियम असतं आणि त्याच्या किरणोत्सर्गाने काच पिवळी पडते. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली काही दिवस ठेवली की बरीच उतरते. फोटो काढायला घाबरायचं कारण नाही, फक्त ती काच घासायची-कापायची नाही.

साफ केल्यावर ठेवायची कुठे हे जास्त महत्त्वाचं आहे. बरेच जण तांदळाच्या डब्यात ठेवतात, तांदळाचं पीठ म्हणजे बुरशीला जेवणच. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा), आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तापवून परत कोरडं करता येतं. आणि महिन्यातून एकदा तरी लेन्स काढून वापरा.

माझी मागणी एवढीच आहे की पाटो, पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात दरवर्षी फेब्रुवारीत एक दिवस टेबलं मांडावीत, लोकांनी घरचे जुने कॅमेरे आणावेत आणि हे काम येणाऱ्यांनी ते उघडून दाखवावं. विद्यार्थ्यांना शिकायला मिळेल आणि ज्यांना स्वतः उघडायची भीती वाटते त्यांची लेन्स भंगारात जाणार नाही. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा. असं काही ठरलं तर स्पॅनर, ब्लोअर, टिश्यू घेऊन मी दिवसभर बसायला तयार आहे.

आपली,
एक वाचक, फोंडा