परीक्षेच्या आठवड्यातच विषयनोंदणी नको

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना मुख्य विषयासोबत बहुविद्याशाखीय आणि कौशल्याधारित विषयही निवडावे लागतात. ही मोकळीक स्वागतार्हच आहे. मात्र माझी मुलगी ज्या महाविद्यालयात शिकते, तिथे पुढील सत्राची ऑनलाइन नोंदणी नेमकी सत्रान्त परीक्षेच्या आठवड्यात सुरू झाली आणि ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ असल्यामुळे, दुसऱ्या दिवशीच्या पेपरची उजळणी अर्ध्यावर टाकून, तिला रात्री मोबाईल घेऊन अंगणात रेंज शोधत उभे राहावे लागले. गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर घरात रेंज मिळतच नाही. अर्ज भरून होईपर्यंत तिला हव्या असलेल्या विषयाच्या जागा संपल्या होत्या. पणजी-मडगावच्या मुलांशी ही स्पर्धा बरोबरीची कशी म्हणावी?

शेवटचा पेपर आणि नोंदणी यांत किमान चार दिवसांचे अंतर ठेवावे, जागांचे वाटप अर्ज पोहोचल्याच्या वेळेवरून न करता पसंतीक्रम आणि मागील गुण पाहून करावे, आणि महाविद्यालयातील संगणक कक्ष त्या दिवसांत वाळपईची शेवटची कदंब बस सुटेपर्यंत खुला ठेवावा, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

– एक पालक, सत्तरी