उद्याच्या शेवटच्या मॅचबद्दल

मंडळी, काल रात्री डेट्रॉइटमध्ये आपली शिकागोची बेसबॉल टीम व्हाइट सॉक्स हरली आणि या सीझनमधल्या हारलेल्या मॅच १२१ झाल्या, १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० हारींचा रेकॉर्ड मोडला एकदाचा 🙏 तरी उद्या रविवार २९ सप्टेंबर २०२४, सीझनची शेवटची मॅच आपण नेहमीप्रमाणे बेसमेंटमध्येच बघायची आहे, दुपारी दीडपर्यंत या, "आता काय उरलंय" हे कारण चालणार नाही.

मी २००५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, पाहिलीय, ह्यूस्टनला ४-० धुतलं होतं, ८८ वर्षांनी जिंकलो होतो, तेव्हाची टोपी आता पार विटलीय पण उद्या घालणारच. खरं सांगू का, जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ मॅच हरलो तेव्हा मी फ्रिजवरच्या कागदावर हारींच्या रेघा मारणं सोडून दिलं, कागद संपला होता. मॅनेजर काढून काय होणार हो, बुलपेनच (नंतर बदली येणारे पिचर) फुसका, नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत लीड असली तरी पोटात गोळा. पिचर क्रोशे तेवढा बघण्यासारखा.

बाकी, पोहे माझ्याकडे, चहा आहेच, फोल्डिंग खुर्च्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आणा. गाड्या शेजारच्यांच्या ड्राइव्हवेसमोर लावू नका, मागच्या वेळी बोलणी मी खाल्ली. आणि कब्जवाल्यांनी (शिकागोच्याच दुसऱ्या टीमच्या फॅन्सनी) यायला हरकत नाही, फक्त तोंड बंद ठेवा.