रोपे लावण्याआधी पाण्याची पाळी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून जवळ आला की कोल्हापुरातल्या तालमी, शाळा, महिला बचत गट आणि सेवाभावी संस्था वृक्षारोपणाच्या तयारीला लागतात. ही उमेद मोलाचीच आहे. परंतु संयुक्त बैठकीत पाहुणे, फलक आणि अल्पोपाहार यांवर जितकी चर्चा होते, तितकी फेब्रुवारी ते मे या महिन्यांत रोपांना पाणी कोण घालणार यावर क्वचितच होते.

कार्यक्रमासाठी बहुधा ५ जून, म्हणजे पर्यावरण दिन निवडला जातो. त्या सुमारास आपल्याकडे मोसमी पाऊस अनेकदा पोहोचलेलाही नसतो. त्याऐवजी राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीचा, २६ जूनचा दिवस ठरवला, तर बहुतेक वर्षी जमीन भिजलेली असते, आणि राधानगरी धरण उभारण्याचा ध्यास घेतलेल्या राजाच्या स्मरणाला हा कार्यक्रम शोभूनही दिसतो. खड्डे मात्र मे महिन्यातच खणून तापू द्यावेत. कळंबा, कात्यायनी परिसरातल्या मुरमाड जमिनीत तर दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन त्यात पोयटा व कुजलेले शेणखत भरल्याशिवाय रोपाला मूळ धरणे अवघड जाते.

कोणते झाड कुठे लावायचे, हे महापालिकेच्या उद्यान विभागाशी आणि सामाजिक वनीकरण विभागाशी बोलून आधीच ठरवावे. पंचगंगेच्या पूरपट्ट्यात करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर तग धरतात. अरुंद रस्त्याकडेला बहावा किंवा ताम्हण बरा. वड-पिंपळ मोकळ्या मैदानासाठी राखावेत, कारण विजेच्या तारांखाली लावलेल्या वडाच्या नशिबी दरवर्षीची छाटणीच येते. झटपट हिरवळ दिसावी म्हणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे भराभर वाढणारे विदेशी झाड लावण्याचा मोह टाळलेला उत्तम. रोप लावताना काळी पिशवी पूर्ण फाडून काढावी, एवढी साधी गोष्टही छायाचित्राच्या घाईत राहून जाते.

खरा प्रश्न सहभागाच्या वाटणीचा आहे. उसाच्या या जिल्ह्यात पाचट मुबलक आहे आणि अजूनही ते पुष्कळ ठिकाणी जाळले जाते; लगतच्या गावांतील शेतकऱ्यांनी त्यातले थोडे दिले, तर आळ्यात जाड थर देऊन ओल टिकवता येईल. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून मडकी घेऊन, बुडाला बारीक छिद्र पाडून, त्यात वात घालून ती रोपाशेजारी पुरली, तर कमी पाण्यात भागते. मात्र मडके भरायला माणूस लागतोच. म्हणून प्रत्येक तालमीने आपल्या गल्लीत सांभाळता येतील तेवढीच रोपे घ्यावीत आणि शेतातल्या पाणी-पाळीसारखी घरोघरची पाळी निदान तीन उन्हाळ्यांसाठी लेखी ठरवावी. शाळांना मे महिन्यात सुट्टी असते, त्यामुळे शाळेच्या आवारातील पाळी शेजारच्या मंडळाकडे सोपवावी लागेल. ज्या रोपासाठी नाव देणारा कोणी मिळणार नाही, ते रोपवाटिकेतच राहू द्यावे. रोपांचा आकडा घटला तरी चालेल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. वृक्षारोपणाच्या छायाचित्राखाली जबाबदारी घेणाऱ्या मंडळाचे नाव छापावे, आणि पुढील मे महिन्याच्या अखेरीस त्याच जागेचे छायाचित्र, जगलेल्या रोपांच्या संख्येसह, तितक्याच ठळकपणे प्रसिद्ध करावे.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर