कीबोर्डसाठी अडलेला संगणक

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांची नोंद ज्या संगणकावर आहे, तो गेली सहा वर्षे कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडद्याशिवाय आणि कीबोर्डशिवाय चालत होता. देवघेवीच्या टेबलावरचे दोन संगणक नेटवर्कने त्याला जोडलेले आहेत. गेल्या पावसाळ्यात वादळाने दोन दिवस वीज गेली. ती आल्यावर या संगणकाचा पंखा फिरू लागला, पण नेटवर्कवर तो दिसेना. दुरुस्तीसाठी बोलावलेल्या गृहस्थांनी ‘मदरबोर्ड गेला’, म्हणजे आतली मुख्य सर्किट-पाटी निकामी झाली, असे सांगून नव्या यंत्राचा भाव कळवला.

खर्च मंजूर होईपर्यंत हाती वेळ होता, म्हणून मी पडदा जोडून पाहिला. त्यावर दोन ओळी होत्या: ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ (यंत्राने जपलेली मांडणी, म्हणजे सेटिंग्ज, बिघडल्याने मूळची घातली) आणि ‘कीबोर्ड एरर ऑर नो कीबोर्ड प्रेझेंट’ (कीबोर्ड बिघडला किंवा जोडलेला नाही); पुढे जाण्यासाठी एफ१ दाबावे, अशी सूचना त्यांच्याखाली होती. मागच्या जांभळ्या गोल खाचेत कीबोर्ड खुपसला, तरी त्याचे दिवे लागले नाहीत. ही खाच १९८७ साली आयबीएमने आणलेल्या पीएस/२ पद्धतीची असून चालू यंत्रात कीबोर्ड जोडण्यासाठी ती बनवलेलीच नाही. वीज मिळताच कीबोर्ड स्वतःची चाचणी करतो, तेव्हा त्याचे तिन्ही दिवे क्षणभर लागतात आणि ‘सगळे ठीक’ असा संकेत तो यंत्राला पाठवतो. यंत्राने त्याची चौकशी एकदा सुरुवातीला केली की पुढे बहुधा होत नाही. म्हणून यंत्र पूर्ण बंद करून, कीबोर्ड जोडून पुन्हा सुरू केले. दिवे लागले आणि डिलीट दाबल्यावर बायॉसचे, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामचे, मांडणीचे पान उघडले.

तिथे ‘हॉल्ट ऑन’ या ओळीपुढे ‘ऑल एरर्स’ होते, म्हणजे कोणताही दोष आढळला की थांबायचे. यंत्र बसवणाऱ्याने तिथे ‘ऑल, बट कीबोर्ड’ (कीबोर्ड सोडून बाकी दोषांवरच थांबायचे) ठेवलेले असणार, म्हणूनच सहा वर्षे कीबोर्डवाचून काही अडले नव्हते. मग ते बदलले कसे? अशा जुन्या मदरबोर्डांत ही मांडणी आणि घड्याळ जपण्याचे काम वीज नसताना सीआर२०३२ नावाचा, रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल करतो. तो संपलेला होता आणि दोन दिवसांच्या अंधारात सारी मांडणी पुसली गेली. नुसती मांडणी दुरुस्त करून सेल तसाच ठेवला असता, तर पुढच्या वेळी यंत्र पुन्हा तिथेच अडले असते, कारण चेकसमचा दोष हा कीबोर्डचा दोष नव्हे. सेल बदलला, मांडणी पुन्हा केली, कीबोर्ड काढला आणि मुद्दाम मुख्य बटण बंद-चालू करून पाहिले. दोन्ही टेबलांवर पुस्तकांची यादी उघडली.

नव्या यंत्रांत हीच सोय ‘वेट फॉर एफ१ इफ एरर’ अशा नावाने असते. कीबोर्डशिवाय चालवायच्या यंत्रात ती बंद करावी. यूएसबी कीबोर्ड विंडोजमध्ये चालतो पण बायॉसमध्ये चालत नाही, अशी तक्रार असल्यास ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ (विंडोज सुरू होण्याआधीही यूएसबी कीबोर्ड चालवण्याची सोय) चालू आणि ‘फास्ट बूट’ (काही तपासण्या गाळून लवकर सुरू होण्याची सोय) बंद आहे का, ते पाहावे आणि कीबोर्ड मागच्या काळ्या यूएसबी खाचेत लावून बघावा.

शाळा आणि ग्रंथालयांना यंत्रे पुरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, बायॉसमध्ये काय बदलले हे एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आत चिकटवावा आणि सेल कधी घातला ती तारीखही त्यावर टाकावी. आमच्या यंत्रात असा कागद आता आहे. संस्थाचालकांनीही निर्लेखनाचा, म्हणजे यंत्र बाद ठरवण्याचा, प्रस्ताव करण्यापूर्वी एकदा पडदा आणि कीबोर्ड जोडून त्या दोन ओळी वाचाव्यात.

आपला,
एक ग्रंथालय सेवक, जि. रत्नागिरी