ताम्हिणीला निघायच्या आधी रेडिएटर बघून घ्या
मंडळी, रविवारी सकाळी ६ ला चांदणी चौकातून निघायचंय. जोंगा आणि निस्सान वन टन या लष्कराच्या जुन्या गाड्यावाल्यांनी शनिवारपर्यंत कूलिंगचं काम उरकायचंच, चढाला पहिल्या-दुसऱ्या गियरवर गाडी तापणारच.

- पाणी गंजाळ दिसलं तर फ्लश मारा (सगळं काढून आतून धुवा), मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, आत क्षार धरतात
- होज (रेडिएटरचा रबरी पाइप) दाबून बघा, फुगलेला, चिरलेला असेल तर बदला. फॅन बेल्ट पण
- थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून गाडी फिरवायची आयडिया डोक्यातून काढा, लिलावातून घेतलेल्या गाडीत नसेल तर बसवून घ्या

गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडायची नाही म्हणजे नाही!! आणि जुनं कूलंट रस्त्यावर ओतू नका, गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात, कॅनमध्ये भरून ठेवा.